पंधरा हजार किलोमीटर, एका दमात

जगातलं सगळ्यात लांब पल्ल्याचं नियमित प्रवासी विमान सिंगापूरहून न्यूयॉर्कला जातं. अंतर 15,349 किलोमीटर, वेळ सुमारे 18 तास 40 मिनिटं, मध्ये कुठेही उतरणं नाही. यातला पहिला आकडा शाळेतल्या भूगोलाच्या जोरावर कोणीही घरबसल्या काढू शकतो. दुसरा मात्र विमान कंपनीलाही रोज नव्याने काढावा लागतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी सोपा आकडा. सिंगापूरचा चांगी विमानतळ विषुववृत्ताच्या जेमतेम दीडशे किलोमीटर उत्तरेला आहे. अक्षांशात सांगायचं तर 1.36 उत्तर. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ 40.64 उत्तरेला. आता रेखांश बघा. चांगी 104 पूर्व, केनेडी 73.8 पश्चिम. बेरीज 177.8, म्हणजे 180ला सव्वादोन अंश कमी. याचा अर्थ ही दोन शहरं पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या रेखावृत्तांवर बसली आहेत आणि त्यांच्यातली सगळ्यात जवळची वाट जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जाते. सिंगापूरहून सरळ उत्तरेला ध्रुवापर्यंत 88.64 अंश चढायचं, पलीकडे 49.36 अंश उतरायचं. एकूण 138 अंश. एका अंशाला 111.2 किलोमीटर धरले की उत्तर येतं 15,345. छापील आकड्याशी फरक चार किलोमीटरचा, तोही आपण वाट ध्रुवाच्या बिंदूवरून नेली आणि पृथ्वीला निव्वळ गोल धरलं म्हणून. काटेकोर रेषा काढली तर ती ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्या आतून जाते.

भिंतीवरच्या नकाशावर हे कधीच पटत नाही. तिथे सिंगापूर उजवीकडे, न्यूयॉर्क डावीकडे, आणि मध्ये आफ्रिका नाहीतर युरोप. ध्रुव नकाशाच्या वरच्या चौकटीत ताणून ताणून पातळ झालेला. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरावा, तो आपणहून घसरत वर सरकतो.

आता वेळ. अशी विमानं वर पोचल्यावर ताशी साधारण 900 किलोमीटरने जातात. 15,349 भागिले 900 म्हणजे 17 तास. वेळापत्रक मात्र पावणेएकोणीसच्या घरात. धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणं यात थोडा वेळ जातो हे खरं, पण एवढा नाही. खरं कारण असं की विमान त्या पंधरा हजार किलोमीटरच्या रेषेवरून बहुधा जातच नाही. ते चांगीहून उठतं, फिलिपिन्स, तैवान, जपानच्या बाजूने ईशान्येला सरकतं, उत्तर पॅसिफिक ओलांडतं आणि अलास्का-कॅनडाकडून न्यूयॉर्कला उतरतं. लांबची वाट मुद्दाम धरायची, कारण त्या वाटेवर वारा पाठीशी असतो.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वारे, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे सहज जातात. फेब्रुवारी 2020 मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक जंबो 4 तास 56 मिनिटांत पोचलं. जमिनीवरून मोजलं तर त्याचा वेग एका टप्प्यात ताशी 1,327 किलोमीटर भरला. आवाजाचा वेग समुद्रसपाटीला 1,225च्या आसपास, तरी या विमानाने आवाजाची भिंत फोडली नव्हती, कारण भोवतालच्या हवेच्या मानाने ते आपल्या नेहमीच्याच चालीने जात होतं. हवाच धावत होती.

या हिशेबाचं सगळ्यात देखणं उदाहरण आपल्याकडचं आहे. एअर इंडिया दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकवरून जायची. ती वाट 13,900 किलोमीटरची. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी दिशा बदलली आणि विमान पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून 15,300 झालं, आणि वेळ? जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. साडेचौदा तासांत विमान पोचलं, म्हणजे ताशी सरासरी 1,055 किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त उडून लवकर पोचण्याचा हा प्रकार पहिल्यांदा वाचला की आकडे उलटे छापलेत असं वाटतं.

त्यातून आणखी एक मजा होते. सिंगापूर-न्यूयॉर्कसारख्या, पृथ्वीच्या दोन बाजूंना असलेल्या शहरांत जातानाही पूर्वेला जाता येतं आणि परतताना अटलांटिक-युरोपवरून पुन्हा पूर्वेलाच. दोन्ही वेळा वारा पाठीशी. तसं घडलं तर जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते, आईबापांभोवती फिरून भागवणाऱ्या गणपतीची सोपी नव्हे, मोरावरून निघालेल्या कार्तिकेयाची.

घड्याळाचं काय होतं ते एकदा करून बघायला हवं. हिवाळ्यात सिंगापूर न्यूयॉर्कच्या 13 तास पुढे असतं. समजा न्यूयॉर्कहून शुक्रवारी रात्री 10 वाजता विमान उठलं आणि 18 तास 50 मिनिटांनी पोचलं. न्यूयॉर्कच्या घड्याळात शनिवारचे 4.50 झालेले असतात, दुपारचे, पण बाहेर सिंगापुरात रविवारची पहाट आहे, 5.50. अख्खा शनिवार हवेत. शिवाय पूर्वेला उडताना सूर्य उलट दिशेने सामोरा येतो, त्यामुळे तो शनिवार 24 तासांचा नसतोच. 18 तास 50 मिनिटांच्या उड्डाणात स्थानिक घड्याळ जवळपास 32 तास पुढे सरकतं, त्या प्रमाणात 24 तासांचा दिवस सव्वाचौदा तासांत उरकतो. शनिवारचा उपास धरणाऱ्यांनी या विमानाचा विचार करायला हरकत नाही. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाताना पॅसिफिकवर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की हा गमावलेला दिवस परत पदरात पडतो.

वेळेचा हिशेब झाला, आता वजनाचा. मला तरी या सगळ्या प्रकरणात तोच जास्त थक्क करणारा वाटतो. या मार्गावरचं विमान आहे एअरबस ए350-900 यूएलआर. त्याच्या टाक्यांत 1,65,000 लिटर इंधन मावतं. सोसायटीत पाणी टाकायला येतो तो टँकर 10,000 लिटरचा असतो, तसे साडेसोळा टँकर दोन पंखांत आणि मधल्या पोटात ओतायचे. विमानाचं इंधन पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण 800 ग्रॅम. म्हणजे 132 टन. पूर्ण भरलेलं विमान जास्तीत जास्त 280 टनांचं होऊन उठू शकतं, त्यातला जवळजवळ अर्धा भाग नुसतं रॉकेलासारखं इंधन. आणि माणसं किती? 161. सामानासकट माणशी शंभर किलो धरले तर 16 टन. 16 टन माणसं हलवायला 132 टनांची टाकी. डोईला हजार लिटरहून जास्त.

161 हा आकडाही सहज आलेला नाही. साधं ए350 तीनशेच्या आसपास माणसं नेतं. इथे 67 जागा बिझनेसच्या, 94 प्रीमियम इकॉनॉमीच्या, आणि साधी इकॉनॉमी मुळातच नाही. कारण मोठ्या मनाचं नाही, वजनाचं आहे. इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन लागतं आणि ते जास्तीचं इंधन वाहायला पुन्हा इंधन. व्याजावर व्याज चढावं तसा हा हिशेब तासागणिक वाढतो. उड्डाणाच्या सुरुवातीला विमान इतकं जड असतं की त्याला हव्या त्या उंचीवर चढताच येत नाही. ते खालच्या थरात सुरुवात करतं, इंधन जळून हलकं झालं की एक पायरी वर, पुन्हा काही तासांनी एक पायरी वर. उतरताना ते उठतानापेक्षा शंभर टनांच्या आसपास हलकं झालेलं असतं.

ही फेरी चालवणाऱ्या विमान कंपनीने हा मार्ग आधी एकदा करून सोडून दिला होता. 2004 साली सिंगापूरहून न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कला चार इंजिनांचं ए340-500 सुरू झालं. आधी 181 जागा, मग 2008 मध्ये सगळ्या बिझनेसच्या फक्त 100. तरी इंधनाचं गणित जुळेना, 2013 मध्ये बंद. ऑक्टोबर 2018 मध्ये दोन इंजिनांचं ए350 आलं आणि 2020च्या नोव्हेंबरपासून केनेडी विमानतळाची फेरी सुरू झाली.

व्याजावरच्या व्याजाचा हिशेब आपल्या घरापर्यंत आणून बघू. मुंबई-न्यूअर्क हा अनेक मराठी घरांचा ओळखीचा मार्ग, एडिसनला लेक किंवा मुलगा असतो. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा-सोळा तास. अशा पल्ल्याला विमानात शेवटपर्यंत राहणाऱ्या प्रत्येक किलोमागे, ढोबळमानाने, चारशे ते पाचशे ग्रॅम जास्तीचं इंधन जळतं. प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा, काट्यावर ठेवून, एकीतली भाजणी दुसरीत करून, शेवटी कुलूप लागत नाही म्हणून दोरी बांधून नेलेल्या. 46 किलो. त्यांच्यापायी वीसेक किलो इंधन, म्हणजे 25 लिटर. गोडा मसाला, कुळथाचं पीठ आणि सांडगे न्यूजर्सीत पोचतात ते या भावात, आणि ते तिथल्या देशी दुकानात मिळतात हे सासूबाईंना सांगून उपयोग नसतो.

न्यूअर्क विमानतळापासून आठ-नऊ किलोमीटरवर रोझेल नावाचं गाव आहे. आनंदीबाई जोशी 1883च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि कार्पेंटर कुटुंबाकडे याच रोझेलला राहिल्या. प्रवास साधारण दोन महिन्यांचा. तेव्हा सुएझ कालवा होऊन चौदा वर्षं झाली होती, नाहीतर आफ्रिकेला वळसा घालावा लागला असता. आज सोळा तास. नव्वद पट फरक, आणि यातली बहुतेक मजल जुनी आहे.

जुनी म्हणजे कशी? 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचं मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन 35 प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. पंख्यांचं विमान, ताशी पाचशेच्या आसपास. 14 मे 1960 ला बोइंग 707 घेऊन एअर इंडिया लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोचली. आता ध्यानात घ्या, 707 ताशी नऊशे किलोमीटरहून थोडं जास्तच वेगाने उडायचं. आजचं ए350 तेवढंच उडतं. साठ-पासष्ट वर्षांत इंजिनं बदलली, पंख बदलले, सांगाड्यात ॲल्युमिनियमच्या जागी कार्बनचे धागे आले, खिडक्या मोठ्या झाल्या, वेग होता तिथेच. मधल्या काळात कॉन्कॉर्ड दुपटीहून जास्त वेगाने उडून गेलं, पण त्याची झेप सात हजार किलोमीटरच्या आसपास संपायची, आणि 2003 मध्ये तेही थांबलं. आपला प्रवास कमी वेळाचा झाला तो विमान जोरात धावू लागलं म्हणून नव्हे, थांबेनासं झालं म्हणून. ऑगस्ट 2007 मध्ये मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सुरू झालं तेव्हा वाचला तो लंडनच्या लाउंजमधला वेळ.

तरीही सगळ्यात जास्त वेळ हवेत राहण्याचा नियमित सेवेतला विक्रम आजच्या कुठल्याच विमानाकडे नाही. तो 1943 ते 1945 मधल्या क्वांटासच्या कॅटालिना विमानांकडे आहे. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि ऑस्ट्रेलियाचा ब्रिटनशी हवाई संपर्क तुटला. तेव्हा पर्थच्या नदीतून उठायचं आणि साडेपाच हजारांहून जास्त किलोमीटर हिंदी महासागर ओलांडून सिलोनच्या कोग्गला सरोवरात उतरायचं, अशी सेवा सुरू झाली. विमान पाण्यावरून उठणारं, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास, प्रवासी फक्त तीन, थोडं टपाल. बाकी सगळं वजन इंधनाचं, तेव्हाही हाच हिशेब. वाटेत जपानी विमानांची भीती म्हणून रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून. पाच विमानांना नावंही ताऱ्यांचीच होती, आपल्या पंचांगातले श्रवण, अभिजित, ज्येष्ठा आणि चित्रा त्यांत आहेत, पाचवा मृगातला रायजेल. एका उड्डाणात दोन सूर्योदय दिसत, म्हणून प्रवाशांना तसं प्रमाणपत्र मिळे. सगळ्यात लांबलेली फेरी 32 तास 9 मिनिटांची. चांगीहून केनेडीला पोचून, तेच विमान तसंच परत निघून निम्म्याहून जास्त वाट कापेल, एवढा वेळ तीन माणसं त्या पत्र्याच्या होडीत.

वारा आणि वजन यांच्या जोडीला तिसरी गोष्ट वेळ ठरवते, ती म्हणजे कोणाचं कोणाशी फाटलंय. फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते जुलैपर्यंत. दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं गुजरात आणि अरबी समुद्राकडे वळसा घालू लागली, आणि 2 जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला 491 कोटींचा फटका बसल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. एप्रिल 2025 पासून तोच प्रकार पुन्हा झाला. फिनलंडची गोष्ट तर याहून करुण. हेलसिंकी-टोकियो हा युरोपातून जपानला जायचा सगळ्यात आखूड रस्ता म्हणून फिनएअरने आपला बराचसा धंदा अशा वाटांवर उभा केला होता, साडेनऊ तास. 2022 मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि त्याच दोन शहरांना 13 तास लागू लागले. एक वाट तर चक्क उत्तर ध्रुवावरून काढावी लागली. अंतराच्या कोष्टकात मात्र या दोन शहरांमधला आकडा एका किलोमीटरनेही बदललेला नाही.

ध्रुवाकडून जायचं म्हटलं की वेगळीच यादी निघते. बाहेरची हवा उणे सत्तरपर्यंत जाऊ शकते आणि अमेरिकेत भरलं जाणारं नेहमीचं इंधन उणे 40 ला गोठू लागतं, म्हणून टाकीतल्या तापमानावर डोळा ठेवायचा. वेळ आली तर कुठे उतरायचं ते आधीच ठरवायचं, आणि तिथे उतरून बाहेर पडावं लागलंच तर कर्मचाऱ्यांसाठी कडाक्याच्या थंडीचे किमान दोन पोशाख विमानात ठेवायचे, असा अमेरिकेचा नियम आहे. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सर्व महिला सहवैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर हे जवळपास 14,000 किलोमीटरचं उड्डाण उत्तर ध्रुवावरून केलं, तेव्हा ही सगळी तयारी त्यांच्याबरोबर होती.

पल्ला अजून किती वाढेल? क्वांटास सिडनी-लंडन थेट विमानाच्या तयारीत आहे, 2027 चा बेत आहे. 17,016 किलोमीटर, 22 तासांपर्यंत. ए350-1000 मध्ये मागे 20,000 लिटरची जादा टाकी बसवायची आणि जागा 238 वरच थांबवायच्या. 2019 मध्ये त्यांनी न्यूयॉर्क-सिडनी अशी एक चाचणी केली, 49 माणसं घेऊन, 19 तास 16 मिनिटांत. माणसांना व्यायाम, झोप, जेवण कधी द्यायचं ते तपासायला.

त्यापुढे फारसं काही उरतच नाही, कारण पृथ्वी संपते. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी मीटर ठरवला तो उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. म्हणजे पाव पृथ्वी दहा हजार किलोमीटर, अर्धी वीस हजार. मोजणीत थोडी चूक झाली, खरा आकडा 20,004 निघाला. यापेक्षा लांब कोणतेही दोन विमानतळ असूच शकत नाहीत. मुंबईच्या बरोबर पायाखालचं ठिकाण दक्षिण पॅसिफिकमध्ये, समुद्रात. त्याच्या जवळचा विमानतळ ईस्टर बेटावर, नऊशे-सव्वानऊशे किलोमीटरवर. मुंबईकराला दूरात दूर जायचं असेल तर सुमारे 19,000 किलोमीटरवरचं ते बेट, सांतियागोला विमान बदलून.

स्पेनचं मालागा आणि न्यूझीलंडचं ऑकलंड या बाबतीत जवळजवळ आदर्श जोडी आहे, सुमारे 19,930 किलोमीटर. असं थेट विमान कोणी सुरू केलेलं नाही, तेवढी माणसं त्या दोन गावांत ये-जा करत नाहीत. पण केलंच, तर वैमानिकाला एक विलक्षण सवलत मिळेल. एवढ्या नेमक्या समोरासमोरच्या गावांसाठी कुठल्याही दिशेने सरळ निघालं तरी अंतर तेवढंच भरतं, फरक फार तर दीडशे किलोमीटरचा. उत्तर ध्रुवावरून जा, दक्षिण ध्रुवावरून जा, पेरूवरून जा. ऑकलंडहून सरळ मुंबईला येऊन, उतरून, कटिंग मारून मालागाला गेलं तरी नकाशावर एकही वळसा पडत नाही. नागपूरला उतरलं तरीही नाही.